खडूसारखं मऊ बॅकग्राउंड हवंय? मग शाई कुठली वापरताय ते आधी बघा

हाताने बनवलेल्या ग्रीटिंग कार्डचा बॅकग्राउंडचा रंग धुरकट, फिकट, खडू बोटाने पुसल्यासारखा यावा असं वाटतं आणि येतात ते डाग न ओरखडे, असं होत असेल तर निम्म्या वेळा दोष हाताचा नसतोच, शाईचा असतो. डाय इंक कागदात मुरते म्हणून रंग पारदर्शक आणि भडक दिसतो. पिगमेंट इंकचे कण कागदाच्या वरच बसतात, चॉक इंक त्यातलीच, वाळली की एकदम मॅट, म्हणजे बिनचमकीची, आणि गडद कार्डस्टॉकवरही (कार्डाच्या जाड कागदावरही) छान उठून दिसते. २०१७ मध्ये आलेल्या डिस्ट्रेस ऑक्साइड या शाईमध्ये डाय आणि पिगमेंट दोन्ही आहेत, पाणी लागलं की वर पांढरट साय धरल्यासारखं होतं, आणि मला तर तीच सगळ्यात जास्त आवडते.

कोरड्या पद्धतीने करायचं असेल तर गुळगुळीत जाड कार्डस्टॉक घ्या. स्पंज किंवा ब्लेंडिंग ब्रश (शाई पसरवायचा मऊ ब्रश) शाईच्या पॅडवर हलकेच टेकवा, आणि थेट कागदावर अजिबात नेऊ नका, आधी बाजूच्या मॅटवर, म्हणजे कागदाखाली अंथरलेल्या शीटवर, दोनचार वेळा गोल फिरवा आणि मग तसंच फिरवत फिरवत कडेवरून कागदावर या, म्हणजे पहिला ठपका मॅटवरच राहतो. हात इतका हलका हवा की पहिल्या दोन फेऱ्यांत रंग लागलाय की नाही अशी शंका यावी. फिकट रंग आधी, गडद नंतर.

ओल्या पद्धतीला ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड वॉटरकलर पेपर, पातळ कागद वाकतो. पॅड प्लास्टिक शीटवर घासा, वर पाणी फवारा, थेंब थेंब जमले की कागद त्यात पालथा टेकवा आणि सरळ वर उचला. आता खरी गोष्ट: पूर्ण वाळू द्या, मगच दुसरा रंग. ओल्यावर ओलं गेलं की निळा आणि नारिंगी मिळून सरळ चिखल होतो, वाळल्यावर मात्र दुसरा थर पहिल्यावर बसतो आणि मधेमधे खालचा रंग डोकावत राहतो, ते दिसायला इतकं सुंदर असतं ना! वाळवायला हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र) वापरा पण लांबून आणि हलती ठेवून.

शेवटी बोटं ओली करून थोडे थेंब शिंपडा, काही सेकंद थांबा आणि टिश्यूने दाबून टिपा, घासू नका. थेंब पडले तिथे फिकट दुधी गोल उमटतात, कडा जराशा गडद. एकदा जमलं की प्रत्येक कार्डावर करावंसं वाटतं 😊

वर एम्बॉसिंग (शिक्क्यावर पावडर टाकून ती गरम करून उठावदार नक्षी) करणार असाल तर एक लक्षात ठेवा, पिगमेंट शाई उशिरा वाळते आणि वरून कोरडी वाटली तरी पावडर नको तिथे चिकटते, म्हणून आधी नीट वाळवा, मग अँटी-स्टॅटिक पावडर (एम्बॉसिंगची पावडर नको तिथे चिकटू न देणारी) फिरवा आणि त्यानंतरच शिक्का मारा.