‘हे कुणाचं?’ : सहावीला नागरिकशास्त्र शिकवताना

सहावीच्या पहिल्या तासाला मी नागरिकशास्त्राचं पुस्तक उघडत नाही. मुख्याध्यापकांची परवानगी आदल्या दिवशीच घेऊन ठेवते, मुलांना दोन-दोनच्या रांगेत फाटकाबाहेर नेते आणि एकेका वस्तूकडे बोट दाखवून विचारते, "हे कुणाचं?" दिव्याचा खांब. गटाराचं झाकण. विजेचा डीपी. बसथांबा. नवी मुंबईत महापालिकेच्या मराठी शाळेत मी एकोणीस वर्षं शिकवते आहे, आणि दर वर्षी पहिलं उत्तर एकच येतं: "सरकारचं, बाई."

हे उत्तर मोडायला वेळ द्या. ‘सरकार’ नावाचा एकच मोठा माणूस मुलांच्या डोक्यात बसलेला असतो. तो तिथून हलेपर्यंत महापौर, आयुक्त, स्थायी समिती ही नुसती पाठ करायची नावं राहतात. मुलं ती पेपरात बरोबर लिहितात आणि घरी पाणी आलं नाही की कुणाकडे जायचं हे त्यांना सांगता येत नाही.

आपलं शहर या धड्यासाठी फार सोयीचं आहे. नवी मुंबई वसवणारं राज्य सरकारचं महामंडळ सिडको १९७० साली स्थापन झालं, महापालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ला सुरू झाला. त्यामुळे इथे एकाच चौकात चार-पाच मालक सापडतात. नळाला मोरबे धरणाचं पाणी, ते धरण महापालिकेचं. डीपीवर नाव महावितरणचं. कारखान्यांचा पट्टा एमआयडीसीचा. रेल्वे स्टेशनची इमारत बांधली सिडकोनं, गाडी मात्र रेल्वेची. ठाण्यात शिकवत असाल तर घोडबंदर रोडच्या कडेला उभं राहून हाच प्रश्न विचारा. महामार्ग मात्र मुलांना ओलांडायला लावू नका, अलीकडच्या बाजूला हवं तेवढं सापडतं.

वहीत तीन रकाने आखून घ्या: वस्तू, कुणाची, कसं कळलं. माझा जीव तिसऱ्या रकान्यात अडकलेला असतो. "मला वाटतं" चालणार नाही, असं मी आधीच सांगते. खांबावरची पाटी वाचली, वॉचमन काकांना विचारलं, घरचं वीजबिल पाहिलं, असं काहीतरी तिथे आलं पाहिजे. बसचा थांबा शेवटी ठेवा, मुलांना तो फार आवडतो. वाशीला एकाच रस्त्यावरून एनएमएमटी, बेस्ट आणि एसटी जाताना दिसतात. एक आपल्या महापालिकेची, दुसरी मुंबई महापालिकेची, तिसरी राज्याच्या महामंडळाची. या तीन बसमधून स्थानिक आणि राज्य पातळीतला फरक जसा कळतो तसा मला फळ्यावर कधी समजावता आलेला नाही.

तीन वर्षांपूर्वी याच धड्यात एका मुलानं विचारलं, "बाई, पोलीस पालिकेचेच ना? गाडीबरोबर तेच तर येतात." गाडी म्हणजे अतिक्रमणाची गाडी. त्याची आई रस्त्याच्या कडेला भाजीची हातगाडी लावते. वर्ग एकदम गप्प झाला. असा प्रश्न आला की "ते नंतर बघू" म्हणू नका, त्या दिवशीचा तास त्या प्रश्नाला द्या. मी फळ्यावर दोन चौकोन काढले. हातगाडी उचलणारं पथक महापालिकेचं, बंदोबस्ताचे पोलीस राज्याच्या गृह खात्याचे. मग तिसरा चौकोन काढला: पथविक्रेत्यांसाठी २०१४चा केंद्राचा कायदा आहे, त्यात नगर पथविक्रेता समिती आहे, आणि समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे, तेही विक्रेत्यांनीच निवडून दिलेले असले पाहिजेत. मुलानं तिन्ही चौकोन वहीत उतरवले आणि आईला दाखवायला घरी नेले. दुसऱ्या दिवशी ती माउली शाळेत आली. हातात पालिकेची जुनी पावती होती. "ही दाखवून काय होतं का, बाई?" कुणाकडे चौकशी करायची ते आम्ही दोघींनी मिळून शोधलं.

पुस्तकात ग्रामीण आणि शहरी स्थानिक शासन असे दोन वेगळे पाठ आहेत. माझ्या वर्गात ते एकाच घरात राहतात. कितीतरी मुलांच्या वडिलांचं मत बीडला, जालन्याला नाहीतर सोलापूरकडे गावच्या यादीत असतं आणि ग्रामपंचायतीला ते जीप करून मतदानाला जातात. म्हणून मी दोन्ही पाठ जोडून घेते. मुलं घरी विचारून येतात: गावचा सरपंच कोण, ग्रामसभेला कधी बसलात का, इथलं नाव यादीत का नाही? आजी-आजोबांना फोन लावायला सांगा. ग्रामसभेची माहिती आजोबांकडून आली की मुलं ती विसरत नाहीत.

नगरसेवकाचा पाठ शिकवताना मी बरीच वर्षं अडले होते. मे २०२०मध्ये आपल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे पाच वर्षांहून जास्त काळ महापालिका प्रशासकाच्या हाती होती. मुलं विचारायची, "आपला नगरसेवक कोण?" आणि खरं उत्तर होतं, "कुणीच नाही." तेच उत्तर द्यायचं. ७४व्या घटनादुरुस्तीनं पालिकेला पाच वर्षांची मुदत घालून दिली आणि ती संपण्याआधी निवडणूक व्हावी असंही सांगितलं, हे मी वाचून दाखवायचे. आधी करोना, मग आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले, ही कारणंही सांगायचे. संविधानात लिहिलेलं आणि प्रत्यक्षात घडलेलं यात अंतर पडतं, हे बारा वर्षांच्या मुलाला कळतं. ते लपवलं तर पुढचं आपलं काहीच त्याला खरं वाटत नाही. पक्षांची नावं मात्र वर्गात घेऊ नका. पदावर बोला, अधिकारावर बोला.

आता अर्ज. वर्षातून तीन तरी अर्ज मुलांच्या हातून लिहून घ्या आणि खरोखर पाठवा. विषय लहान आणि मोजता येईल असा हवा. ‘परिसर स्वच्छ करावा’ असं लिहू देऊ नका. ‘फाटकापासून बावीस पावलांवर गटाराचं झाकण फुटलं आहे, मधल्या सुट्टीत पहिलीची मुलं तिथून जातात’ असं लिहायला लावा. कुणाला उद्देशून लिहायचं ते वहीच्या दुसऱ्या रकान्यावरून ठरतं. दोन प्रती काढा. एक कार्यालयाच्या आवक विभागात, म्हणजे आलेली पत्रं घेतात तिथे, द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन पोच ठेवायची. पोच घेतल्याशिवाय परत फिरायचं नाही, हे मी मुलांकडून घोकून घेते. आमचा झाकणाचा अर्ज एका कार्यालयानं "आमच्याकडे येत नाही" म्हणून परत केला. मुलं हिरमुसली. मग आम्ही तेच वाक्य दुसऱ्या अर्जात लिहिलं, पोचेची झेरॉक्स जोडली आणि पुढच्या दारात गेलो. पाचव्या आठवड्यात नवं झाकण बसलं. मुलं त्याच्याभोवती उभी राहून त्याला हात लावून बघत होती.

शाळा व्यवस्थापन समिती विसरू नका. शिक्षणहक्क कायद्यानं तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालक ठेवले आहेत आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला. समितीवरच्या एखाद्या आईला वर्गात बोलवा, सभेत काय होतं ते तिच्याच तोंडून ऐकू द्या. वर्गाची निवडणूक घ्यायची तर गुप्त मतदानानं घ्या, हात वर करून नको. एवढ्यानं खूप फरक पडतो.

परिपाठाला संविधानाची उद्देशिका रोज म्हटली जाते आणि रोज तोंडातल्या तोंडात विरते. मी आठवड्याला एकच शब्द घेते. ‘दर्जाची व संधीची समानता’ आली तेव्हा एक मुलगी म्हणाली, "भाऊ क्लासला जातो, मी भांडी घासते, ते यात बसतं का?" त्या आठवड्यात दुसरा शब्द घेतलाच नाही.

कचरा टाकू नका, रांग मोडू नका हेही सांगावं लागतं, सांगा. पण अख्खा विषय त्यातच संपवू नका. आपली मुलं ऐकायला लहानपणापासून शिकलेली असतात. मागायला कुठे जायचं, ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

सगळ्या पोचा एका फाइलमध्ये लावा आणि एप्रिलअखेर ती फाइल पाचवीच्या मुलांच्या हाती द्या. जूनमध्ये सहावीला येतील तेव्हा त्यांचा पहिला अर्ज तयारच असेल: मागच्या वर्षीच्या तिसऱ्या अर्जाला अजून उत्तर आलेलं नाही.