ओळ गेली, पण हात लावून बघितलंस का?

२०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणानं वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी जे पाच विमानतळ निवडले, त्यात आपलं बेळगावही होतं. मी वैमानिक, त्यामुळं तेव्हापासून सुट्टीला गावाकडं आलो की विमानतळाच्या सांबरा गावाच्या आसपासची बारावी सायन्सची पोरं घरी येऊन बसतात. "दादा, आता विमानात सगळं स्क्रीनवरच येतंय, मग पाठ कशाला करायचं?"

भौतिकशास्त्र, गणित, मेडिकल, डीजीसीएचे (विमान वाहतूक महासंचालनालयाचे) पेपर यांची माहिती कुठंही मिळेल. चेकलिस्टचं, म्हणजे एकेक काम वाचून तपासायच्या यादीचं, तेवढं सांगतो. व्यावसायिक परवान्याचे २०० तास भरताना सेस्ना या छोट्या विमानात मांडीवर यादीचा कागदच असतो. चेकलिस्टची पद्धत रुजली तीच १९३५ च्या अपघातातून. बोइंग मॉडेल २९९ चे वैमानिक कसलेले होते, पण विमान उभं असताना सुकाणू जखडून ठेवणारं लॉक काढायचं राहिलं.

पुढं एअरबस ए-३२० या मोठ्या प्रवासी विमानाचा सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवरचं नकली कॉकपिट. बिघाड झाला की 'ईकॅम'चा पडदा काय करायचं ते निळ्या ओळींत दाखवतो. काम केलं की ओळ जाते, कारण स्विच कुठं आहे हे संगणकाला कळतं. काही गोष्टी त्याला कळत नाहीत. त्या ओळी तशाच राहतात आणि नवा माणूस गडबडतो.

मी गडबडलो ते इंजिनाच्या आगीत. 'इंजिन मास्टर ऑफ', म्हणजे इंजिन बंद करायचा स्विच, ही ओळ वाचता वाचताच हात घातला, शेजारच्या वैमानिकानं 'कन्फर्म' म्हणायच्या आधी, आणि तोही दुसऱ्याच इंजिनाच्या स्विचला. ओळ जागची हलली नाही, आणि चांगलं इंजिन मात्र बंद पडलं. प्रशिक्षकांनी सिम्युलेटर थांबवला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आमचे बाबा ऊसाच्या ट्रॅक्टरवर. निघायच्या आधी ट्रॉलीजवळच्या पोराला विचारायचे, "पिन?" तो म्हणायचा, "हाय." "हात लावून सांग." हे ऐकतच मी वाढलो, तरी कॉकपिटमध्ये विसरलो!

आता उड्डाणाआधी पडद्यावर फ्लॅप्सची (पंखांच्या मागच्या झडपांची) ओळ हिरवी दिसली तरी मी आधी त्यांचा दांडा बघतो.

पोरांना सेस्नाची कागदी यादी देतो. जोडीनं बसवतो, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं खुर्चीवर हात लावून उत्तर द्यायचं. परवा तिसऱ्याच ओळीला वाचणाऱ्याचा हात पुढं गेला.