चलान वापीचं, लायसन नाशिकचं: नेमकं काय करायचं?

आडगाव नाक्याजवळच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात गाड्यांची आणि ड्रायव्हरांची कागदपत्रं मी बघते. पेठ रोडने धरमपूर-वापी, वणीवरून सापुतारा-सुरत, आग्रा रोडने सेंधवा-इंदूर, आमच्या गाड्या सतत राज्याबाहेर असतात. ड्रायव्हर परत आला की विचारतो, "ताई, चलान गुजरातचं आहे, नाही भरलं तर नाशिकला कोण विचारणार?"

विचारतात. देशभरातल्या गाड्यांची नोंद केंद्राच्या 'वाहन' या ऑनलाइन यंत्रणेत आणि लायसनची तशाच 'सारथी'मध्ये असते. तिकडची नोंद पेठ रोडच्या आपल्या आरटीओत स्क्रीनवर दिसते.

चलान हातात आलं की रकमेआधी एक गोष्ट बघा: ते गाडीच्या नंबरवर फाडलंय की लायसनच्या नंबरवर? कॅमेऱ्याने टिपलेलं चलान गाडीच्या नंबरवर, म्हणजे मालकाच्या नावे येतं. ते थकलं की अडते ती गाडी. ट्रान्सफर, फिटनेस, परमिटच्या वेळी ते समोर येतं, आणि फिटनेस रखडलेला ट्रक म्हणजे दारात उभा तोटा.

महाराष्ट्राच्या ट्रॅफिक अ‍ॅपवर बाहेरच्या राज्यातलं चलान शोधू नका. केंद्राच्या परिवहन खात्याच्या ई-चलान साइटवर जा. तिथे चलान नंबर, गाडी नंबर किंवा लायसन नंबर टाकून शोधता येतं. गाडी नंबरने शोधायचं तर चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे लागतात, आरसी जवळ ठेवा. गाडीच्या नंबरने काही दिसलं नाही म्हणून थांबू नका, लायसन नंबरनेही बघा. साइटच्या पत्त्यात शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असायलाच हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर चलानच्या नावाने एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप टाकणारी फाइल) आली तर उघडूच नका, बँक खातं रिकामं होतं.

आता लायसनचं. पोलिसाने रस्त्यात थांबवलं की प्रकरण वेगळं होतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 206 प्रमाणे काही गुन्ह्यांत पोलिस लायसन जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडे पाठवतात. दारू पिऊन चालवणं त्यात आहेच, पण कलम 184 सुद्धा आहे, आणि ते आमच्या मुलांना ठाऊकच नसतं. सिग्नल तोडणं, हातात मोबाइल धरून गाडी चालवणं, उलट्या दिशेने गाडी घालणं हे सगळं 184 मध्ये येतं. पावसाळ्यात बाइकवर सापुताऱ्याला जाणाऱ्या पोरांनीही लक्षात ठेवावं: ट्रिपल सीट आणि विनाहेल्मेट, दोन्ही कलम 206 च्या, म्हणजे लायसन जप्तीच्या यादीत आहेत. दंडाची रक्कम राज्यागणिक बदलते, लायसनवरची कारवाई मात्र केंद्राच्या कायद्यातली आहे.

लायसन घेतलं तर पोलिस पावती देतात. त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. टोमॅटोची गाडी वलसाडला उभी असेल तर दुसरा ड्रायव्हर पाठवावाच लागतो. मी ड्रायव्हरला फोनवर सांगते, "दादा, वाद घालू नका. पावतीचा फोटो पाठवा, कलम कुठलं लावलंय ते वाचून दाखवा, आणि लायसन कुठल्या आरटीओकडे जाणार ते साहेबांना विचारून मागच्या बाजूला लिहून घ्या." शेवटची गोष्ट राहिली की नंतर लायसन नेमकं कुठे आहे हे शोधत बसावं लागतं.

पुढे कलम 19 प्रमाणे सुनावणी होते. तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय लायसन निलंबित करता येत नाही, म्हणून त्या तारखेला जाच. पहिल्या वेळी तीन महिने निलंबन होऊ शकतं, दुसऱ्यांदा तोच प्रसंग आला तर लायसन रद्द. आदेश मान्य नसेल तर 30 दिवसांत अपील करता येतं. पोटापाण्यासाठी स्टिअरिंग धरणाऱ्याचे तीन महिने म्हणजे घरातली चूल, त्यामुळे या सुनावणीला कामावरून सुट्टी मागितली तर मालकाने ती द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

चलान व्हर्च्युअल कोर्टात, म्हणजे चलानच्या ऑनलाइन कोर्टात गेलं असेल तर तिथे ऑनलाइन दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. लढायचं ठरवलं तर प्रकरण त्या राज्यातल्या नेहमीच्या कोर्टात जातं आणि तारखांना तिकडे जावं लागतं. फोटोत गाडी दुसऱ्याचीच असेल, नंबर चुकीचा वाचला असेल, तर जरूर लढा. सीटबेल्टच्या दंडासाठी वलसाडच्या फेऱ्या मारू नका. आणि पैसे भरल्यावर पावती डाउनलोड करा, काही दिवसांनी साइटवर चलान मिटलेलं दिसतंय का तेही बघा.

एक काम आजच करा. सारथीवर लायसनचा मोबाइल नंबर आणि पत्ता तपासा. सिडकोत राहायला येऊन वर्षं झाली तरी अनेकांच्या लायसनवर निफाड-सिन्नरकडचा गावाचा पत्ता असतो. सुनावणीची नोटीस त्याच पत्त्यावर जाते.