एलायझाच्या आकड्यावर भुलू नका: पानांतल्या अँटिबॉडीचा माझा अनुभव

बेंथामियाना या तंबाखूच्या भाऊबंद झाडाच्या पानांत अँटिबॉडी (रोगजंतूला धरणारं प्रथिन) बनवायचं ठरवून यंदा पीएच.डी.ला लागणाऱ्यांसाठी लिहिते आहे. ॲग्रोबॅक्टेरियम (जनुक पानात नेणारा जिवाणू), वेक्टर (ते जनुक वाहणारा डीएनए), पी१९ (पानाला ते जनुक दाबू न देणारं प्रथिन) हे तुम्हाला येतंच. माझं दीड वर्ष कुठे गेलं, तेवढं सांगते.

काम रेबीजविरोधी अँटिबॉडीचं. इन्फिल्ट्रेशननंतर, म्हणजे पानांत तो जिवाणू भरल्यानंतर, सहाव्या दिवशी पानं काढायची, वाटायची, एलायझा (प्लेटवर अँटिबॉडी मोजणारी चाचणी) लावायचा. आकडे उत्तम येत होते. कन्स्ट्रक्ट (जनुकाची मांडणी) बदल, ओडी (जिवाणूंची दाटी) बदल, असं करत मी ते आणखी चढवत राहिले. शेवटी अँटिबॉडी धरून शुद्ध करणाऱ्या प्रोटीन-ए कॉलमवरून निघालेला नमुना नॉन-रिड्यूसिंग जेलवर (ज्यात अँटिबॉडीच्या साखळ्या सुट्या होत नाहीत) घातला. अख्ख्या अँटिबॉडीची १५० किलोडाल्टनची पट्टी जेमतेम दिसत होती, खाली नुसते तुकडे. त्या रात्री मी जेवले नाही.

झालं असं होतं. माझ्या एलायझात पकडणारी आणि दाखवणारी (डिटेक्शनची), दोन्ही अँटिबॉडी एफसी भागालाच, म्हणजे अँटिबॉडीच्या शेपटीलाच, चिकटणाऱ्या होत्या. पानातले प्रोटिएज (प्रथिनं तोडणारी एन्झाइम) आपल्या अँटिबॉडीला हिंजपाशी, म्हणजे मधल्या सांध्यापाशी, तोडतात. सुटलेला एफसी तुकडा प्लेटवर अख्ख्या अँटिबॉडीसारखाच मोजला जातो. तो प्रोटीन-एलाही चिकटतो, त्यामुळे कॉलमवरही मला शंका आली नाही. पण विषाणूला धरणारा भाग त्याच्यात नसतोच. म्हणजे मी दीड वर्ष कचरा वाढवत होते.

तेव्हा पकडायला एफसीविरोधी, दाखवायला लाइट चेनविरोधी अँटिबॉडी घ्या; लाइट चेन त्या एफसी तुकड्यात नसते. पहिल्याच बॅचपासून नॉन-रिड्यूसिंग वेस्टर्न (जेलवरच्या पट्ट्या अँटिबॉडीने ओळखणारी चाचणी) करा. नुसतं रिड्यूसिंग करून समाधान मानू नका, त्यात अख्खी अँटिबॉडी दिसतच नाही. चौथ्यापासून सातव्या दिवसापर्यंत रोजची पानं तपासा. वाटण बर्फावरच करा, बफरमध्ये प्रोटिएज इनहिबिटर घाला, फेनॉलने रस काळवंडू नये म्हणून ॲस्कॉर्बेटही. वाटलेला रस टेबलावर ठेवून चहाला जाऊ नका. खरंच जाऊ नका.

सीनियरचा प्रोटोकॉल जसाच्या तसा उचलण्याच्या मी ठाम विरोधात आहे. माझा एलायझा तसाच आला होता. गाईड निवडतानाही लॅबचं नाव बघू नका. विद्यार्थ्याचं जेल जो स्वतः उजेडाला धरून बघतो, तो गाईड चांगला.

नोकरीचं विचाराल, तर क्षेत्र बेभरवशाचं आहे. २०१४च्या इबोला साथीत वापरलेलं झेडमॅप हे अँटिबॉडीचं औषध याच झाडांत, केंटकीत तयार झालं होतं. तेव्हा सगळ्यांना वाटलं आता दार उघडलं. मेडिकागो कंपनीच्या, याच झाडांत बनणाऱ्या कोविड लशीला कॅनडाने फेब्रुवारी २०२२मध्ये मान्यता दिली आणि वर्षभरात मालक कंपनीने मेडिकागो बंद करायचं ठरवलं. पण घाबरू नका. गाजराच्या पेशींत बनणारं गोशे या आनुवंशिक रोगावरचं एन्झाइम २०१२मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. शुद्धीकरण नीट शिकलात तर ते सस्तन पेशींवर चालणाऱ्या कारखान्यातही उपयोगी पडतं. मला नोकरी मिळाली ती त्यावरच.

आणि वाईट जेल त्याच दिवशी दाखवा. मी माझं तीन आठवडे वहीत दडवून ठेवलं होतं. गाईडने ते पाहिलं आणि पाच मिनिटांत विचारलं, "एलायझात डिटेक्शनला काय वापरतेस?"