मिरेना बसवल्यानंतरचे पहिले महिने
पाळीतील अतिरक्तस्रावासाठी डॉक्टर मिरेना (गर्भाशयात बसवायचे संप्रेरकयुक्त साधन) सुचवतात, तेव्हा ती नेहमीची तांबी नव्हे हे ध्यानात घ्यावे; तांब्याच्या तांबीने रक्तस्राव उलट वाढू शकतो, तर मिरेनातील 52 मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक हळूहळू झिरपत गर्भाशयाचे अस्तर पातळ ठेवते. बसवायला काही मिनिटेच लागतात, पण त्या वेळी कळ येते, क्वचित चक्करही, म्हणून सोबत कोणीतरी असावे. पहिले 3 ते 6 महिने अधूनमधून डाग पडत राहतात आणि नेमक्या याच टप्प्यावर कंटाळून ती काढून घेणे म्हणजे घाईच होय. पुढे पाळी अगदी कमी होते किंवा थांबतेही. रक्त आत साठून राहते, ही समजूत मात्र निराधार आहे. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, असह्य पोटदुखी किंवा योनीत तपासताना मिरेनाचा दोरा बोटाला न लागणे, यांपैकी काही आढळल्यास लगेच डॉक्टरांना दाखवावे.