रंग सरकलाय की छिद्रं?

टपाल तिकिटावर रंग सरकलेला दिसला की लगेच 'एरर' (छपाईतली दुर्मीळ चूक) म्हणून जादा पैसे मोजू नका. नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये फोटोग्रॅव्ह्युअरने, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरवरून छापायच्या पद्धतीनं, छापलेल्या बहुरंगी तिकिटांत प्रत्येक रंग वेगळ्या सिलिंडरवरून उतरतो. कागद जरा हलला की एखादा रंग बाजूला जातो. दहापट भिंगाखाली चित्राची कड बघा. रंग खरोखर सरकला असेल तर एका बाजूला पांढरी फट आणि समोरच्या बाजूला दोन रंग एकमेकांवर चढून झालेली गडद रेघ दिसते. हा फरक तिकीटभर एकाच दिशेला आणि सारखाच हवा. सगळंच चित्र एका अंगाला गेलं असेल तर घोळ तिकिटाच्या कडेच्या छिद्रांचा, रंगाचा नव्हे.

रंग गायब दिसला तर जास्त सावध राहा. त्या रंगाचे तुरळक ठिपके जरी सापडले, तरी शाई कमी लागली एवढंच. उन्हानं, रसायनांनी रंग उडवता येतो आणि असा माल 'दुर्मीळ' म्हणून खुशाल विकला जातो. शेजारच्या चांगल्या तिकिटासकट जोडी मिळाली तर घ्या. सुट्यावर माझा तरी भरवसा नाही.

पाचव्या जॉर्ज या ब्रिटिश राजाच्या भारतीय तिकिटांत छपाई कुठली हे ओळखायला नुसतं समोरून पाहून भागत नाही. लंडनच्या डे ला रू कंपनीच्या छपाईत वॉटरमार्क, म्हणजे कागदातली पुसट खूण, एकाच ताऱ्याचा, १९२६ पासूनच्या नाशिक छपाईत अनेक ताऱ्यांचा. तिकीट काळ्या तबकात पालथं ठेवा आणि तिरप्या उजेडात तारे शोधा.