पतसंस्थेत आजारपणाचा निधी कसा उभा करावा

रात्री दीडला गावाहून गाडी करून नागपुरात पोचलं की खासगी दवाखान्याच्या काउंटरवर पहिली विचारणा डिपॉझिटची होते. पेशंट जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे, बिलाची प्रतिपूर्ती होणार आहे, म्हणजे सरकार ते पैसे परत देणार आहे, हे तिथे सांगून काही उपयोग नसतो. प्रतिपूर्ती होते, पण नंतर. माझी स्वतःची फाईल सात महिने फिरली. डिस्चार्ज कार्डावरची तारीख आणि शेवटच्या बिलाची तारीख यांत एका दिवसाचा फरक होता, तेवढ्यावरून दोनदा त्रुटी निघाली. तोवर भावाच्या सोयाबीनचे पैसे मी वापरत होतो आणि तो एका शब्दानं मागत नव्हता. त्याचं न मागणंच जास्त लागायचं.

ही मधली खिंड बुजवायला पतसंस्थेच्या सभासदांना स्वतःचा निधी उभा करता येतो. कल्पना नवी नाही. फ्रान्समध्ये शिक्षकांनी 1946 साली ‘एमजीईएन’ ही परस्पर संस्था काढली. तिला भागधारक नाहीत, जो वर्गणी भरतो तोच मालक. पुढच्याच वर्षी तिथल्या कायद्यानं सरकारी नोकरांच्या अशा संस्थांना त्यांच्या सभासदांचा सक्तीचा आरोग्यविमाही सांभाळू दिला. आपल्याकडचं उदाहरण तर त्याहून जवळचं आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं डॉ. उल्हास जाजूंच्या पुढाकारानं आसपासच्या गावांसाठी ज्वारीवर चालणारी योजना सुरू केली. सुगीत ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि वर्षभर उपचारात सवलत घ्यायची. अट एकच, गावातली बहुतेक घरं सामील झाली पाहिजेत. ही अट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

निधीच्या आधी एक काम उरकून घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता पांढऱ्या रेशन कार्डावरचे सरकारी कर्मचारीही बसतात. अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात, ठरलेल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. प्रत्येक सभासदाचं या योजनेचं कार्ड निघालंय की नाही, याची यादी करा. सोबत खासगी दवाखान्यातल्या प्रतिपूर्तीसाठीचा 19 मार्च 2005 चा शासन निर्णय प्रत्येकाला द्या. त्यात 27 आकस्मिक आणि 5 गंभीर आजारांची यादी आहे. जे यातून मिळतं त्यासाठी निधी खर्च करायचा नाही, फार तर उसना द्यायचा.

मग हिशेब, आणि सगळा खेळ इथेच आहे. वर्गणी आधी ठरवू नका. आधी मागच्या तीन वर्षांत किती सभासद दवाखान्यात भरती झाले ते शोधा. रजेचे अर्ज आणि वैद्यकीय बिलांची आवक नोंदवही पाहिली की कळतं. समजा 300 सभासद आहेत आणि तीन वर्षांचे आकडे 21, 26 आणि 19 निघाले. महिन्याला शंभर रुपयांप्रमाणे वर्षाला 3,60,000 जमतील. सरासरी 22 जणांना 15,000 दिले तर 3,30,000 जातात आणि सगळे खूश होतात. पण 26 वालं वर्ष आलं की 3,90,000 लागतील, म्हणजे दिवाळीनंतर आलेल्या पेशंटला रिकामा हात दाखवायचा. म्हणून सरासरी सोडा, सगळ्यात वाईट वर्ष धरा. 12,000 ची मर्यादा ठेवली तर त्या वर्षातही 3,12,000 जातात आणि 48,000 उरतात. आकडा छोटा दिसतो, सभेत लोक नाक मुरडतील. मुरडू द्या.

आता ती सेवाग्रामची अट. निधी ऐच्छिक ठेवला की ज्याच्या घरी हर्नियाचं ऑपरेशन ठरलेलं असतं तोच आधी नाव नोंदवतो आणि धडधाकट माणूस बाहेर राहतो. एकतर सगळे सभासद घ्या, नाहीतर किमान तीन चतुर्थांश झाल्याशिवाय सुरूच करू नका. पहिले सहा महिने फक्त वर्गणी घ्या, मदत नको. साप चावला, अपघात झाला तर तेवढी सूट ठेवा.

कायद्याची बाजू थोडक्यात, पण चुकवू नका. नोंदणीशिवाय विमा व्यवसाय करायला विमा कायदा, 1938 मनाई करतो. त्यामुळे उपविधीत, म्हणजे संस्थेच्या नियमावलीत, ‘विमा’, ‘दावा’, ‘हमी’ हे शब्द घालू नका. ‘वैद्यकीय सहायता निधी’ म्हणा आणि मदत निधीतल्या शिलकीच्या मर्यादेत मिळेल असं लिहा. उपविधी दुरुस्ती 30 सप्टेंबरच्या आतल्या वार्षिक सभेत मांडा. सहकार खात्याच्या निबंधकाकडे ती नोंदली जाईपर्यंत एक रुपयाही कापू नका. मसुदा लेखापरीक्षकाला आधी दाखवलेला बरा, नाहीतर तोच पुढच्या वर्षी दोषदुरुस्ती अहवाल द्यायला लावतो. वर्गणी कर्जाच्या हप्त्यासारखी पगारातूनच कापायची, त्यासाठी प्रत्येकाचं संमतिपत्र घ्या. हाताने वसुली केली तर तिसऱ्या महिन्यात निधी बसतो.

सभेत एक प्रश्न नक्की येईल. आमच्याकडे मागच्या बाकावरून आला होता, “मास्तर, पैसे भरत राह्यलो आन् घरात कोनी बिमारच नाही पडलं, तं आमाले काय भेटलं?” यावर भाषण देऊ नका. गेल्या वर्षी कोणाकोणाला डिपॉझिटसाठी पैसे फिरवावे लागले, तेवढं विचारा. आमच्या सभेत नऊ हात वर झाले, आणि विचारणाऱ्याचाही होता.

मोठ्या खर्चाला, म्हणजे हृदयाचं ऑपरेशन किंवा कॅन्सर, हा निधी पुरणार नाही. त्यासाठी एखाद्या विमा कंपनीची समूह पॉलिसी निधीच्या जोडीला घेता येते. मोठ्या वजावटीची घ्या, म्हणजे बिलातली सुरुवातीची ठरलेली रक्कम आपण भरायची आणि वरची कंपनीनं; प्रीमियम कमी बसतो. कंत्राटी आरोग्यसेवक आणि अंगणवाडी सेविका तुमच्या पतसंस्थेच्या सभासद होऊ शकत असतील तर त्यांना जरूर घ्या. प्रतिपूर्तीचा आधार त्यांना नाही, म्हणून गरज त्यांची सगळ्यात जास्त. माझं मत असं की त्यांची वर्गणी निम्मी ठेवावी. आमच्या संचालक मंडळाला ते अजून पटलेलं नाही.

शेवटी पैसे बाहेर कसे पडतात ते नीट ठरवा. संचालक मंडळाची सभा महिन्यातून एकदा भरते, पेशंट तिची वाट पाहत नाही. दोन पदाधिकाऱ्यांना मिळून 12,000 पर्यंत लगेच द्यायचा अधिकार द्या. पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात टाका आणि पुढच्या सभेत मंजुरी घ्या. त्या दोघांपैकी एकजण तरी तालुक्याच्या गावी राहणारा असावा. ज्याला प्रतिपूर्ती मिळेल त्यानं उसनी रक्कम परत करायची, असं लेखी घ्या. कोणाला किती दिले हे नावाशिवाय, फक्त रक्कम आणि महिना लिहून, पतसंस्थेच्या फळ्यावर लावत जा. आमच्या फळ्यावर गेल्या श्रावणात एकाच आठवड्यात तीन ओळी चढल्या. तिन्ही डेंग्यूच्या होत्या.